त्यात काय, काढून टाका

खरं तर गेले होते मुतखड्यासाठी. पाठीत उजवीकडे कळ यायची म्हणून सोनोग्राफी सांगितली, पाणी पिऊन पिऊन पोट टम्म करून टेबलावर पडले, रेडिओलॉजिस्टबाईंनी उजवी किडनी बघितली, डावी बघितली, मग प्रोब डाव्या बरगड्यांखाली नेला आणि तिथेच थांबल्या. श्वास घ्या, धरा, सोडा. परत घ्या, धरा. एकाच जागी चार वेळा. ज्यांनी सोनोग्राफी केलीय त्यांना माहितीय, डॉक्टर गप्पा मारत असतात तोवर सगळं ठीक असतं, गप्पा बंद होऊन नुसती बटणांची टिकटिक सुरू झाली की समजायचं. "खडा नाहीये," त्या म्हणाल्या, "पण स्प्लीनमध्ये एक गाठ दिसतेय, ४ सेंटीमीटरची. सीटी करून घ्या."

स्प्लीन म्हणजे प्लीहा. आमची आजी पाणथरी म्हणायची, कुणाचं पोट मोठं दिसलं की "पाणथरी वाढलीय त्याची" असं. माझं ज्ञान तेवढंच, आणि दहावीच्या पुस्तकातली एक ओळ. डावीकडे, नववी ते अकरावी बरगडी, त्यांच्या आड लपलेली, मुठीएवढी, साधारण १२ सेंटीमीटर लांब आणि १५० ते २०० ग्रॅम वजनाची. एवढीशी वस्तू, पण हृदयातून निघणाऱ्या रक्तातलं जवळपास ५ टक्के तिच्यातून गाळून जातं. म्हणजे ती रक्ताने भिजलेला स्पंजच आहे, आणि पुढचा सगळा घोळ या एका गोष्टीमुळे आहे.

पहिल्या सर्जनकडे गेलो मी आणि नवरा. सीटीचा रिपोर्ट त्यांनी उभ्याउभ्या वाचला. रिपोर्टमध्ये दोन प्रश्नचिन्हं होती, ? लिम्फोमा ? मेटास्टॅसिस, म्हणजे एक पांढऱ्या पेशींचा कॅन्सर आणि दुसरा दुसरीकडून पसरून आलेला, आणि हे प्रश्नचिन्ह शब्दाच्या आधी का लावतात देव जाणे, वाचणाऱ्याच्या छातीत आधी प्रश्नचिन्हच घुसतं. डॉक्टर म्हणाले, "त्यात काय, काढून टाका. स्प्लीनशिवाय माणूस आरामात जगतो. पुढच्या आठवड्यात करून टाकू." पाच मिनिटं झाली असतील नसतील. आणि मला तर बरंच वाटलं! गाठ आहे, काढायची, विषय संपला. नवऱ्याने तारीखसुद्धा लिहून घेतली.

ताईने मोडता घातला. ती डॉक्टर नाही पण शंकेखोर आहे. फोनवर तिचा एकच प्रश्न होता, "कसली गाठ आहे ते सांगितलं का?" नाही. "मग काढायची घाई कसली?" तर हो-नाही करत दुसरं ओपिनियन घ्यायला गेलो. हे सर लिव्हर-पॅनक्रियासचं ऑपरेशन करणारे, बोलायला जरा तुटक.

त्यांनी आधी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि प्रश्न सुरू केले. ताप येतो का, रात्री घामाने कपडे भिजतात का, वजन उतरलंय का, थोडं खाल्लं की पोट भरतं का, डाव्या खांद्यात दुखतं का. आधी कधी कॅन्सर झालाय का. पोटावर मार बसलाय का, अगदी दहा वर्षांपूर्वीचा अपघात असला तरी सांगा. मग म्हणे कुत्री, मेंढ्या यांच्यात राहणं झालंय का. मी आणि नवरा एकमेकांकडे बघायला लागलो. नंतर कळलं की हायडॅटिड नावाचं एक जंताचं प्रकरण असतं, कुत्र्यामेंढ्यांमधून येतं, त्याची पाण्याची गाठ क्वचित स्प्लीनमध्येही होते, आणि ती ध्यानीमनी नसताना फुटली तर जबरदस्त ॲलर्जी येऊन माणूस टेबलावरच जाऊ शकतो. पोटाला मार लागून रक्त साकळतं आणि वर्षांनी त्याची सिस्ट बनते. खांद्याचं तर मला फारच नवल वाटलं, स्प्लीनमधून रक्त झिरपलं की ते वरच्या पडद्याला म्हणजे डायफ्रामला चुरचुरतं आणि दुखणं डाव्या खांद्यात जाणवतं, कारण दोन्हीकडच्या नसा मानेत एकाच ठिकाणाहून निघतात.

माझी सगळ्याला उत्तरं नाही, नाही, नाही.

मग त्यांनी सीडी लावली, आणि हा प्रसंग मी विसरणार नाही. माझ्या रिपोर्टमध्ये एक वाक्य होतं की स्प्लीनभर अनेक ठिकाणी डाग आहेत. सरांनी पहिला सेट लावला तर खरंच, स्प्लीनवर झेब्र्यासारखे पट्टेच पट्टे, काळे-पांढरे, मला घामच फुटला. "हे आर्टेरियल फेजचे फोटो," सर म्हणाले, "डाय टोचल्यावर वीस-तीस सेकंदांत काढलेले. स्प्लीनच्या आत रक्त काही वाटांनी पटकन जातं, काहींनी रेंगाळत, म्हणून सगळ्यांचीच अशी दिसते. आता हे बघा." सत्तराव्या सेकंदाचा सेट. पट्टे गायब, स्प्लीन एकदम एकसारखी राखाडी, आणि खालच्या अंगाला, जिथून रक्तवाहिन्या आत शिरतात त्याच्या जवळ, एकच गोल गडद डाग. एक. अनेक बिनेक काही नाही. चाळीस सेकंदांच्या फरकाने मी "सगळीकडे पसरलंय" वरून "एक गाठ आहे" वर आले.

आता ही एक गाठ म्हणजे काय काय असू शकतं ते मी तुम्हाला तेव्हा जसं समजलं तसं सांगते. मुळात स्प्लीनमध्ये गाठ होणं हेच दुर्मीळ, आणि होतात त्यातल्या बऱ्याच साध्या असतात. सिस्ट, म्हणजे पाण्याची पिशवी. हेमॅन्जिओमा, रक्तवाहिन्यांचा गुंता, साध्या गाठींमध्ये हाच सगळ्यात कॉमन. हॅमार्टोमा, म्हणजे स्प्लीनचंच मटेरियल पण वेडंवाकडं जमलेलं. मग काही अशी नावं की जी सरांनी दोनदा सांगूनही माझ्या तोंडात बसेनात. वाईट बाजूला लिम्फोमा, हा बहुतेक वेळा अंगात इतरत्रही असतो आणि स्प्लीन त्याचं एक ठिकाण असतं, फक्त स्प्लीनमध्येच सुरू झालेला फार थोडा. दुसरीकडच्या कॅन्सरची पिल्लं, ब्रेस्ट, फुप्फुस, ओव्हरी, मेलानोमा, आतडं. आणि अँजिओसार्कोमा, रक्तवाहिन्यांचाच कॅन्सर, अगदी विरळा पण महा वाईट, आपोआप फुटून पोटात रक्तस्राव होऊनच कित्येकदा कळतो, आणि कळल्यावर बहुतेकांना वर्षही मिळत नाही. हे शेवटचं सरांनी सांगितलं नव्हतं, मी रात्री दोन वाजता मोबाईलवर वाचलं. वाचू नका, आणि वाचाल तर दिवसा वाचा.

एमआरआय झाला. हेमॅन्जिओमा एमआरआयच्या टी-टू फोटोत साधारणपणे पांढराशुभ्र चमकतो, माझी गाठ उलट काळसर होती, आणि डाय दिल्यावर कडेकडून आत चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा भरत गेल्या. सर त्या आऱ्यांकडे बघून "हं" म्हणाले. पेट स्कॅनमध्ये बाकी शरीर स्वच्छ, गाठ मात्र मंद पेटलेली. रक्ताचे रिपोर्ट, एलडीएच, स्मिअर, हेपटायटिस सी, हायडॅटिडची टेस्ट, सगळं नॉर्मल. हेपटायटिस सी कशाला तर स्प्लीनमधला एक हळू वाढणारा लिम्फोमा आहे, मार्जिनल झोन नावाचा, त्याचा या विषाणूशी संबंध असतो, आणि तो निघाला तर कधीकधी नुसत्या विषाणूच्या औषधाने ओसरतो नाहीतर रिटुक्सिमॅब नावाचं इंजेक्शन देतात. म्हणजे तिथे ऑपरेशन लागतंच असं नाही, पूर्वी सर्रास काढायचे. हे ऐकल्यावर पहिल्यांदा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पहिल्या डॉक्टरांच्या तारखेला मी टेबलावर गेले असते आणि ती गाठ लिम्फोमा निघाली असती, तर जी स्प्लीन कदाचित राहू शकत होती ती मी घालवून बसले असते.

मग बायोप्सी का नाही? हाच प्रश्न मीही विचारला, दर दोन दिवसांनी, तीन वेगवेगळ्या लोकांना. ब्रेस्टमध्ये गाठ आली की सुई घालतात, थायरॉइडला घालतात, मग इथे का नाही. उत्तर तेच, स्पंज. लिव्हरलाही सुई टोचतात पण स्प्लीन मऊ आणि रक्ताने ठासलेली, जुन्या डॉक्टरांच्या मनात तिची धडकी बसलेली आहे. आता बारीक सुईने सीटी बघत बघत करतात आणि मोठा रक्तस्राव शंभरात एकदोघांनाच होतो, त्यामुळे "स्प्लीनला सुई लावायचीच नाही" हे काही खरं नाही, लिम्फोमाचा संशय असेल किंवा आधी कॅन्सर झालेला असेल तर बायोप्सी करून बरीच ऑपरेशनं वाचतात. पण माझी गाठ रक्तवाहिन्यांची असण्याची शक्यता जास्त, त्यातही अँजिओसार्कोमा शंभर टक्के नाही असं कुणी म्हणेना, असल्या गाठीला भोक पाडायचं नाही. आणि सुईत येणारा दोऱ्याएवढा तुकडा बघून पॅथॉलॉजिस्टला नक्की नाव देता येईलच असं नाही. म्हणून ठरलं की तीन महिने थांबायचं आणि परत एमआरआय.

तीन महिने थांबणं ही काय चीज आहे ते ज्याचं त्याला माहीत. मी ऑफिसला जात होते, हसत होते, आणि डाव्या कुशीवर झोपणं सोडलं होतं. उगीच. कुशीवर झोपल्याने काही होत नाही. पण नाही झोपले.

तीन महिन्यांनी ४ ची ५.२ झाली होती. तीच बैठक, त्याच खुर्च्या. सर म्हणाले, "वाढली नसती तर मी अजून थांबलो असतो. आता काढू." यावेळी मला ते पटलं.

अर्धी स्प्लीन ठेवता येते हे मला माहीतच नव्हतं. रक्तवाहिनी आत शिरायच्या आधी फांद्या फुटतात आणि प्रत्येक फांदीचं राज्य वेगळं असतं, झाडाच्या फांद्यांसारखं, एकमेकांत फारसं मिसळत नाही. एका फांदीला चिमटा लावला की तेवढाच भाग काळानिळा पडतो आणि एक सरळ रेघ उमटते, त्या रेघेच्या जरा आत कापायचं. पाव भाग, म्हणजे २५-३० टक्के जरी जिवंत राहिला तरी काम चालतं. सरांनी माझ्या रिपोर्टच्या पाठीमागे बॉलपेनने स्प्लीन काढून दाखवली, वाटाण्याच्या शेंगेसारखी दिसत होती, त्यात गोल काढला आणि गोलावर पेन आपटत म्हणाले, "अडचण एवढीच की ही टोकाला नाहीये, दाराशी आहे. प्रयत्न करीन. जमलं नाही तर पूर्ण काढीन. दोन्हीची तयारी ठेवा."

आणि मग लसी. इथे मी जरा चिडूनच लिहितेय. स्प्लीन काढलेल्या माणसाला काही विशिष्ट जंतूंपासून आयुष्यभर धोका असतो, ज्यांच्या अंगावर साखरेचं निसरडं कवच असतं असे जंतू, न्यूमोकॉकस त्यात पहिला, मग मेनिंगोकॉकस, हिब. हे जंतू बाकीच्या पोलिसांच्या हातातून निसटतात, स्प्लीन त्यांना रक्तातून अचूक उचलते. १९५२ मध्ये किंग आणि शूमाकर या सर्जननी तान्हेपणी स्प्लीन काढलेल्या पाच बाळांना झालेल्या भयंकर इन्फेक्शनबद्दल लिहिलं, तोपर्यंत बहुतेकांचा समज हाच होता की हिच्याशिवाय काही बिघडत नाही. असं इन्फेक्शन होतं थोड्यांनाच, पण होतं तेव्हा सकाळी अंग कसकसतंय म्हणणारा माणूस रात्री आयसीयूत असतो आणि जवळपास निम्मे वाचत नाहीत. यासाठी लसी ऑपरेशनच्या किमान दोन आठवडे आधी घ्यायच्या असतात, कारण स्प्लीन असताना घेतल्या तर अंगात चांगल्या भिनतात. पहिल्या डॉक्टरांनी तारीख दिली होती आठवड्यानंतरची. लस हा शब्दसुद्धा निघाला नव्हता. इमर्जन्सी असती, फुटली असती, तर ठीक, तेव्हा नंतर दोन आठवड्यांनी देतात. पण माझ्यात कसली इमर्जन्सी होती? असो.

तर तीन लसी, दोन्ही दंड सुजलेले, आणि तीन आठवड्यांनी ऑपरेशन.

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. १९९१ पासून स्प्लीन अशी काढतात, फ्रान्समध्ये पहिल्यांदा झालं. तुम्हाला उजव्या कुशीवर झोपवतात म्हणजे आतडी, जठर आपल्या वजनाने खाली ओघळतात आणि स्प्लीन वरून लटकल्यासारखी समोर येते. डाव्या बरगडीखाली चार भोकं. मी तर झोपलेले, पण नंतर सरांकडून व्हिडिओ मागून घेतला आणि घरी बघितला, नवरा उठून बाहेर गेला. जठराच्या कडेच्या छोट्या छोट्या वाहिन्या एकेक करून भाजत तोडत गेले, मग पॅनक्रियासच्या वरच्या कडेने जाणारी ती नागमोडी आर्टरी, ती इतकी वळणं घेते की मला गांडुळाची आठवण झाली, ती आधी मोकळी करून ठेवली. पॅनक्रियासचं शेपूट कित्येकांमध्ये स्प्लीनच्या दाराला अगदी चिकटून असतं, ते चुकून चिमटलं गेलं तर त्याचा रस पोटात गळतो आणि आठवडेच्या आठवडे जातात, म्हणून तिथे सर एकदम सावकाश झाले होते, व्हिडिओत पंधरा मिनिटं काहीच घडत नाही असं वाटतं. अर्धी ठेवायचं जमलं नाही. खालच्या फांदीला चिमटा लावून रेघ बघितली, गाठ रेघेच्या पलीकडे पसरलेली होती. मग त्या आर्टरीला क्लिप, क्लिप बसल्यावर स्प्लीन डोळ्यांदेखत जांभळी पडून आकसली. स्टेपलर लावला आणि पूर्ण काढली.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. रक्ताच्या आजारासाठी स्प्लीन काढतात तेव्हा ती पोटातच पिशवीत घालून कुस्करतात आणि लहान भोकातून तुकडे काढतात. गाठ असेल तर कुस्करायची नाही, एक म्हणजे पेशी सांडतील, दुसरं म्हणजे पॅथॉलॉजिस्टने काय बघायचं, खिमा? म्हणून पिशवीतून अख्खी, ओटीपोटावर आडवा छेद घेऊन काढली. माझ्या चार भोकांपेक्षा तो छेदच जास्त दुखला. ऑपरेशनच्या आधी हा प्रश्न जरूर विचारा, अख्खी काढणार ना?

आणखी एक, आत त्यांना वाटाण्याएवढी एक जोडस्प्लीन, म्हणजे मूळ स्प्लीनशिवायची छोटी जादा स्प्लीन, दिसली. दहातल्या एकदोघांना तरी असते म्हणे. प्लेटलेट खाणाऱ्या आजारात ती शोधून शोधून काढावी लागते नाहीतर आजार परततो. माझी मुद्दाम ठेवली. "फार आशा ठेवू नका, पण असू दे," इति सर.

तिसऱ्या दिवशी ड्रेनमधल्या, म्हणजे पोटात ठेवलेल्या नळीतल्या, पाण्यात अमायलेज हा पॅनक्रियासच्या रसातला घटक तपासला, पॅनक्रियास शाबूत. पाचव्या दिवशी घरी. उचक्या लागायच्या सारख्या, आणि खोल श्वास घेतला की डावीकडे टोचायचं, ते तीन चेंडूंचं श्वास आत ओढायचं खेळणं असतं ना ते घेऊन बसायचे. नवव्या दिवशी प्लेटलेट ९ लाख! स्प्लीन एरवी प्लेटलेटचा एक तृतीयांश साठा स्वतःकडे ठेवते, ती गेली की सगळं रस्त्यावर. आतड्याकडून लिव्हरला जाणाऱ्या मोठ्या शिरेत गुठळी होऊ शकते म्हणून डॉप्लर केला, निघाली नाही, काही दिवस ॲस्पिरिन. पोट दुखून ताप आला असता तर लगेच या असं बजावलं होतं.

पॅथॉलॉजीला आठ दिवस लागले. कापलेल्या स्प्लीनचा फोटो रिपोर्टला जोडला होता. तपकिरी-लाल गोल गोल गाठोड्या आणि त्यांच्या मधून पांढरा चांदणीसारखा व्रण, हेच ते एमआरआयमधल्या चाकाचे आरे. पेशींना खास रंग लावून परीक्षा केल्या, सीडी ३१, सीडी ३४, सीडी ८ अशा नावांच्या, एकाच गाठोडीत तीन तऱ्हेच्या रक्तवाहिन्या निघाल्या. नाव, स्क्लेरोझिंग अँजिओमॅटॉइड नोड्युलर ट्रान्सफॉर्मेशन. डॉक्टर लोक सँट म्हणतात. हे नावच मुळी २००४ मध्ये पडलं. साधी गाठ. कॅन्सर नाही, काढली की संपलं, परत येत नाही.

रडले खूप. आणि मग दोन दिवसांनी राग आला, की साधीच होती तर गेली कशाला माझी स्प्लीन. सरांना विचारलंही. ते म्हणाले, "साधी होती हे आज कळलं ना." यावर माझ्याकडे उत्तर नाही, अजूनही नाही. गाठीचं नाव कळायला ती काढावी लागली, आणि काढल्यावर कळलं की नसती काढली तरी बहुधा चाललं असतं. वाढणारी, न ओळखता येणारी गाठ ठेवून मी दर तीन महिन्यांनी एमआरआय करत राहिले असते का? ताई म्हणते राहिली असतीस. मला नाही वाटत.

आठ महिन्यांनी एका रात्री अकराला थंडी वाजून १०१ ताप आला. मला दिलेला नियम असा की १००.४ च्या वर ताप, की जवळची अँटिबायोटिकची गोळी घ्यायची आणि गाडीत बसायचं, सकाळची वाट बघायची नाही. कॅज्युअल्टीत ड्युटीवरचा पोरगा म्हणाला, "मॅडम, व्हायरल आहे, पॅरासिटामॉल घ्या, सकाळी ओपीडीला या." पर्समधलं कार्ड त्याच्या हातात दिलं, त्यावर मोठ्या अक्षरात स्प्लीन नाही असं लिहिलंय. त्याने वाचलं, माझ्याकडे बघितलं, आणि खरंच सांगते, पुढच्या दहा मिनिटांत ब्लड कल्चरसाठी रक्त घेऊन सलाईनमधून अँटिबायोटिक सुरू होतं. कल्चर निगेटिव्ह आलं. व्हायरलच होतं, पोरगा बरोबर होता. पण परत ताप आला तर मी परत जाणार आणि परत कार्ड दाखवणार.

मागच्या आठवड्यात रुटीन सीबीसी केलं, नव्या लॅबमध्ये. संध्याकाळी तिथून फोन, एक मुलगी, जरा चाचरत, "मॅडम, एक विचारू का, तुमची स्प्लीन काढलीय का?" मी म्हटलं हो, तुला कसं कळलं. तर तिने मायक्रोस्कोपखाली माझी स्लाईड बघितली होती आणि लाल पेशींमध्ये एकेक बारीक निळा ठिपका दिसत होता. हॉवेल-जॉली बॉडी म्हणतात. पेशी तयार होताना केंद्रकाचा कण आत राहून जातो, स्प्लीन असली की ती पेशी न फोडता तेवढा कण चिमटीत धरून काढून टाकते. माझ्याकडे आता तो कुणी काढत नाही.

मी तिला विचारलं, ठिपके खूप आहेत का गं? माझ्या डोक्यात ती वाटाण्याएवढी ठेवलेली स्प्लीन. ती म्हणाली, "आहेत मॅडम, बरेच आहेत."